चार्ज कुणाला द्यायचा

कॉम्प्युटरला अहो म्हणायचं की अरे, इथूनच माझा घोळ सुरू झाला.

आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपच्या कडेला काचेची एक लहानशी केबिन आहे. आत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि कानावर चढवायचा हेडफोन. त्याची एक काडी तोंडापुढं येते. त्या काडीत बोललं की समोर पडद्यावर अक्षरं उमटतात, तीही मराठीत. कीबोर्डला हात लावायचं काम नाही. मी परभणीकडच्या खेड्यातला, आठवीतून शाळा सोडलेला माणूस. अशा माणसाला केबिनमध्ये खुर्ची कुणी देत नाही. मला मिळाली, कारण माझ्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली आणि तिसरं वाकत नाही. आणि दुसरं कारण म्हणजे आमचे सुपरवायझर साहेब.

माझा हात अडकला त्या दिवशी याच माणसानं मला कंपनीच्या गाडीत घातलं. पुढची सीट सोडून माझ्याजवळ मागं बसले आणि दवाखाना येईपर्यंत माझा हात वर धरून ठेवला. त्यांचा शर्ट रक्तानं भरला. मी त्यांना म्हणत होतो, साहेब, सीट खराब होतेय. ते म्हणाले, "गप बस, सीटचं मी बघतो." दवाखान्यात होतो तोवर रावेतहून त्यांच्या घरचा डबा येत होता. बरा होऊन परत आलो तेव्हा मला हिशोब करून गावी पाठवायचं चाललेलं. साहेबांनी वर जाऊन सांगितलं, "याला काढू नका. मी बसवतो कुठंतरी." पिंपळे गुरवमधली आमची खोली, पोरीची शाळा, बायकोचं शिवणकाम, सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. आजही मी त्यांच्यापुढं नीट सरळ उभा राहू शकत नाही. खांदे आपोआप खाली येतात.

तर कॉम्प्युटर. तो लावून द्यायला ताथवड्याहून एक मॅडम आल्या. इंजिनियर, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या.

"दादा, घरी बोलता तसंच बोला. त्याला सगळं कळतं."

"पण याला सांगू काय?"

"शिफ्टमध्ये जे झालं ते. किती माल निघाला, कुठलं मशीन बंद होतं, काय अडचण आली. रजिस्टरमध्ये लिहायचे ना, तेच आता बोलायचं."

मग त्यांनी शब्द शिकवले. 'नवीन ओळ' म्हटलं की ओळ बदलते. 'पुसून टाक' म्हटलं की शेवटचं वाक्य जातं. 'पाठव' म्हटलं की रिपोर्ट जातो. कुणाकुणाला जातो तेही सांगितलं असेल. माझं सगळं लक्ष तोंडापुढच्या काडीकडे होतं. तिला ओठ लागू नये म्हणून मी मान मागं घेऊन बसलो होतो.

प्रेस शॉपमध्ये माणूस बोलायचं विसरतो. कानात बोळे असतात, आवाज एवढा की छातीत धडधडतं. आम्ही हातानंच बोलतो. अंगठा ओठाला लावला की चहा. तळहात डोक्यावर ठेवला की मोठे साहेब येतायत. मूठ वळून फिरवली की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची आहे. पहिल्या दिवशी मी त्या कॉम्प्युटरला थांबवायला हात वर केला होता, ट्रॅफिक पोलिसासारखा. तो थांबला नाही. मी खोकलो तर थांबला.

खरी अडचण वेगळीच होती. आपण काही सांगत असलो की समोरचा हं म्हणतो. हं, बरं, मग? त्यावर पुढचं वाक्य येतं. हा काहीच म्हणत नाही. मी एक वाक्य बोलायचो आणि वाट बघत बसायचो. मॅडम म्हणायच्या, "ती रेघ लुकलुकतेय ना दादा, म्हणजे तो ऐकतोय." मी त्या रेघेकडे बघून बोलायला शिकलो. तरी मध्येच तोंडातून जायचं, "ऐकताय ना?" आणि तेसुद्धा रिपोर्टमध्ये उमटायचं.

काचेतून हे सगळं माझा रिलीव्हर बघायचा. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टला आपल्या जागी येणारा माणूस. मी प्रेसवर होतो तेव्हा वर्षानुवर्षं माझ्यानंतर हाच यायचा. चाकणजवळच्याच गावचा. त्याच्या घरची थोडी जमीन अजून आहे, सकाळी कांद्याचं बघून दुपारी कंपनीत येतो. आता तो प्रेस त्याचाच.

"काय राव, बायकोचा फोन हाय का?" दारातून डोकं घालून विचारायचा.

"रिपोर्ट सांगतोय."

"मंग एवढा लाजतो कशापायी? आन् मान कशाला हालवतो? त्याला दिसतंय व्हय?"

"गप की. हे पण लिहील तो."

"लिवू दे. लिव रे बाबा, ह्यो माणूस चा पाजत न्हाई म्हून."

आणि खरंच पडद्यावर आलं. ते पुसायला मला केवढा वेळ लागला.

इथवर ठीक होतं, सगळी गंमतच. पण एक गोष्ट मला कुणी नीट सांगितली नाही, आणि मलाही नीट विचारता आली नाही. ती सांगायची तर आमच्याकडे चार्ज कसा देतात ते सांगावं लागेल.

शिफ्ट सुटताना जुना माणूस मशीनवर हात ठेवून उभा राहतो. नवा आला की त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगतो. तेल कुठं गळतंय, पेडल कुठं अडकतंय, कुठली गोष्ट बांधून ठेवलीय, कुठं जपायचं. खोटं एक अक्षर नसतं त्यात. चार्ज दिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा आमचा धर्मच म्हणा. बस गेली तर गेली. आणि मग तोच माणूस टेबलाशी जाऊन रजिस्टरमध्ये लिहितो, सर्व ठीक. यात कुणाला काही गैर वाटत नाही. बोललेलं मशीनपाशी राहतं, लिहिलेलं वर जातं. वरच्यांना सर्व ठीक लागतं, खालच्याला खरं लागतं. दोघांना ज्याचं त्याचं मिळतं.

माझा हात गेला त्या दिवशीही मला चार्ज मिळाला होता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाही. त्यातलं एक बटण रबर लावून दाबून ठेवलं होतं, काम भरभर व्हावं म्हणून. मला ते सांगितलं होतं. मला माहीत होतं. रजिस्टरमध्ये सर्व ठीक होतं. तरी हात गेला. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आता हा कॉम्प्युटर. यात बोलायचं असतं, पण ते लिहिलं जातं. मग हे रजिस्टर समजायचं की रिलीव्हरचा कान?

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, जे खरं ते बोला, एवढा विचार कशाला?" साहेबांना विचारलं तर हसले. "थोडक्यात बोल. तू गावाकडची बातमी सांगतोस तसा रिपोर्ट देतोस." मी दोघांना हो म्हणालो. आणि रोज ती काडी तोंडापुढं घेऊन थोडक्यात बोलत राहिलो. सर्व ठीक, नवीन ओळ, पाठव.

तो दिवस असाच होता. पहिली शिफ्ट सुटत आली होती. सकाळपासून माझ्या रिलीव्हरचा प्रेस सारखा बंद पडत होता. त्याला पुढं सेन्सर असतो. आत हात असला की प्रेस जागच्या जागी थांबतो. तो सेन्सर खराब झालेला. आत काही नसतानाही प्रेस थांबवायचा. बाहेर ट्रक उभा होता, माल निम्माच झालेला. दुपारी मेंटेनन्सवाला हात पुसत केबिनमध्ये आला.

"बायपास केलाय सेन्सर. आता थांबत नाही. साहेब म्हणाले, नवीन येईपर्यंत दोन दिवस चालवा. तुझा दोस्त आला की सांग त्याला."

"तू थांब ना. मी काय सांगू?"

"माझी सुट्टी झाली भाऊ. तू आहेसच की इथं."

आणि गेला. पाळी बदलायची वेळ झाली. दुसऱ्या शिफ्टची बस चाकणच्या चौकात अडकली होती. तिथं ट्रक आडवा झाला की काय होतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. मी रिलीव्हरला फोन लावला, त्यानं उचलला नाही. तो गाडीत बसला की झोपतो, आणि उतरला की फोन लॉकरमध्ये टाकतो. आमची बस बाहेर हॉर्न देत होती. चुकली असती तर पिंपळे गुरवपर्यंत शेअर रिक्षा बदलत जायचं, आणि पोरीला ताप होता.

त्या प्रेसवरचा पहिल्या शिफ्टचा पोरगा नवा होता, चार्ज न देताच बसकडे पळाला होता. मी प्रेसजवळ जाऊन उभा राहिलो. सवयीनं डावा हात त्याच्यावर ठेवला. समोर कुणीच नव्हतं.

मग मला वाटलं, रिलीव्हर आला की आधी केबिनमध्येच येणार. आजचा प्लॅन बघायला सगळे त्याच पडद्यापुढं येतात. मग पडद्यालाच सांगून ठेवू. मी हेडफोन घातला आणि त्या लुकलुकणाऱ्या रेघेला चार्ज दिला. पहिल्यांदाच मला हं ऐकू यायची वाट बघावी लागली नाही. समोर तोच उभा आहे असं वाटत होतं.

"भावा, तुझ्या प्रेसचा सेन्सर बायपास केलाय. हात आत असला तरी प्रेस थांबणार नाही, खाली येणार. साहेब म्हणाले नवा येईपर्यंत दोन दिवस असंच चालवायचं, गाडी भरायची आहे. तू चिमट्यानंच पीस काढ. कुणी ओरडलं तरी घाई करू नको. माझ्यासारखं करू नको."

एवढं बोललो आणि वर 'पाठव' म्हणालो. का म्हणालो? रोज म्हणतो म्हणून. बोलणं संपलं की पाठव म्हणायचं, एवढंच डोक्यात बसलेलं.

बस गेटबाहेर पडत होती तोच साहेबांचा फोन आला. "कुठं आहेस? उतर." आवाज वर नव्हता, त्यामुळं जास्त भीती वाटली.

परत आलो तर प्रेस बंद. नुसता तोच नाही, सगळी लाइन बंद. प्रेस शॉपमध्ये मी पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकला. केबिनमध्ये प्लँट हेड उभे होते. हा माणूस आमच्या केबिनमध्ये कधी येत नाही. आमचे साहेब भिंतीला लागून, हात मागं बांधून. पडद्यावर माझं बोलणं तसंच्या तसं. भावा, माझ्यासारखं करू नको. ते वाचून मला अंगावर कपडे नसल्यासारखं झालं.

मेंटेनन्सवाल्यालाही परत बोलावलं होतं. तो दाराशी माझ्या कानात पुटपुटला, "म्हण, मशीननं भलतंच लिहिलं. रोज लिहितंच की. कोण विचारतंय?"

प्लँट हेडनी विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही साहेब."

आमच्या साहेबांनी मान वर केली.

"मग कुणी लिहिलं?"

"लिहिलं नाही साहेब. बोललो."

"म्हणजे?"

मला काय म्हणायचं होतं ते मलाच सांगता येईना. मी म्हणालो, "ते तुम्हाला नव्हतं साहेब."

"मला नव्हतं? रिपोर्ट माझ्याकडे आलाय. मला सरळ सांगा. ही कॉम्प्युटरची चूक आहे का? तो चुकीचं ऐकतो असं मला यांनीच सांगितलं होतं." त्यांनी आमच्या साहेबांकडे बोट केलं.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. सगळ्यांना पटलं असतं. चहाचं, खोकल्याचं, काय काय लिहून ठेवलं होतं त्या मशीननं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर मी हो म्हणालो असतो, हे मला आजही खात्रीनं वाटतं. ते खाली फरशीकडे बघत होते. का, ते मी कितीदा मनाशी फिरवून बघितलंय. मला मोकळं सोडायचं होतं, की बघायची हिंमत नव्हती?

तेवढ्यात डबा हलवत रिलीव्हर आत आला.

"माझा प्रेस का उभा हाय? आन् एवढी सभा कसली?"

त्यानं पडद्याकडे बघितलं आणि ओठ हलवत वाचायला लागला. वाचून झाल्यावर डबा टेबलावर ठेवला.

"ह्याला काय इचारताय साहेब? चार्ज हाय ह्यो. मला दिलाय ह्यानं."

मग मला काही पर्यायच राहिला नाही. मी म्हणालो, "शब्द माझेच आहेत साहेब. आज कॉम्प्युटरनं एकही चुकवला नाही."

ट्रक अर्धा भरून गेला. दोन दिवस लागणारा सेन्सर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मला कुणी ओरडलं नाही, मेमो दिला नाही. मेमो साहेबांना मिळाला, आणि पाठोपाठ बदली. लाइन काढून घेतली आणि दुसऱ्या प्लँटला स्टोअरमध्ये बसवलं. ताथवड्याच्या मॅडम आल्या तेव्हा पडद्यावर तो रिपोर्ट बघून खूश झाल्या. "बघा दादा, एक शब्द चुकला नाही! तुमचा आवाज आता त्याला छान बसलाय." मी हो म्हणालो.

लाइनवरचे काहीजण पाठीवर थाप मारून गेले. काहीजण मी आलो की मशीनकडे वळायचे. मेंटेनन्सवाला अजून माझ्याशी बोलत नाही. रिलीव्हर मात्र रोज चहा घेऊन यायचा. एकदा नुसतं म्हणाला, "माझं दोन्ही हात हायेत बग," आणि दोन्ही कप टेबलावर ठेवले.

घरी बायको म्हणाली, "बरोबर केलंत." भाकरी थापता थापता पुन्हा म्हणाली, "पण आता त्यांच्या घरी दिवाळीला कसल्या तोंडानं जायचं? वहिनींनी किती डबे पाठवले होते." मी म्हणालो, जायचं. ती म्हणाली, त्यांनी दार उघडलं नाही तर? मग आम्ही दोघंही पोरीच्या अभ्यासाकडे बघत बसलो.

ज्या माणसानं माझा हात धरून ठेवला त्याचाच हात मी सोडला, की ज्याचा जायचा होता त्याचा हात वाचवला, यातलं कुठलं खरं धरायचं? एक धरलं की दुसरं निसटतं. आणि साहेब वाईट नव्हतेच. ट्रक भरला नसता तर त्यांना वरून बोलणी बसली असती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी बोलणी दिली असती त्यांनीच मेमो दिला.

साहेबांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस आला. नव्या सुपरवायझरला लाइनचा चार्ज द्यायचा होता. तो केबिनमध्येच द्यायचा ठरला. साहेब आत आले, खुर्ची ओढली नाही, माझ्या टेबलावर हात ठेवून उभे राहिले. मी सवयीनं हेडफोन काढून बंद करायला गेलो.

"चालू राहू दे," ते म्हणाले. "काडी इकडे वळव."

मी वळवली. ते बोलायला लागले. मी त्यांना एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या डायला चीर आहे. कॉम्प्रेसरला सकाळी पाणी येतं. कुठल्या ऑपरेटरची आई आजारी आहे, त्याला रात्रपाळी देऊ नका. नवे साहेब हं, हं म्हणत होते, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ येत होती. मशीनला त्यांचा आवाज नवा होता, तरी बऱ्यापैकी जमत होतं.

"आणि हा," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "याची बोटं थंडीत आखडतात. याला फायली उचलायला लावू नका, नाही म्हणणार नाही तो. डाव्या हातानं सही करतो, बँकेत अडवतात, आपण फोन केला की ऐकतात. आणि विचारलं की खरं सांगतो. तेव्हा विचारताना विचार करून विचारा."

नवे साहेब हसले. आमचे साहेब हसले की नाही ते मला दिसलं नाही. ती चेष्टा होती की टोमणा, की माझ्यासाठी केलेली सोय, काही कळेना. मी नुसता पडद्याकडे बघत राहिलो. नेमका तेव्हाच बाहेरचा मोठा प्रेस आदळला होता. शेवटची दोन वाक्यं आलीच नव्हती.

साहेबांनी वाकून बघितलं. "शेवटचं आलं नाही."

"प्रेसचा आवाज आला साहेब."

"मग घाल."

मी काडी त्यांच्याकडे केली. त्यांनी ती माझ्याकडे परत वळवली. "तूच बोल. मी सांगितलंय की."

मी तोंड उघडलं. आपल्याच तोंडानं आपल्याबद्दल ते कसं बोलायचं? दोनदा घसा साफ केला, ते लिहून आलं, पुसलं. शेवटी कीबोर्ड पुढं ओढला. डाव्या हाताच्या एका बोटानं अक्षर शोधायचं, दाबायचं, काना कुठं असतो ते शोधायचं. नवे साहेब चहाला निघून गेले. बाहेर रावेतची बस हॉर्न द्यायला लागली. मी म्हणालो, साहेब, तुमची बस. ते म्हणाले, "लिही."

मी लिहीत राहिलो. ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत उभे राहिले, आणि मला 'खरं'मधला ख सापडेना तेव्हा त्यांनी बोट लावून दाखवला.